लॅकर नवं केल्यानं ट्रम्पेटचा आवाज बदलतो का? आधी वजन करा, मग ठरवा

वाद्य टेबलावर ठेवता ठेवताच लोक हा प्रश्न विचारतात. लॅकर, म्हणजे पितळेवरचा पारदर्शक संरक्षक थर, उतरवून पितळ उघडं केलं तर आवाज मोकळा होईल का? नवं लॅकर मारलं तर आवाज दबेल का? माझं उत्तर असं असतं: लॅकरच्या थरामुळे समोर बसलेल्याला ऐकू येईल असा फरक पडत नाही. पण लॅकर काढताना आणि चढवताना वाद्यावर जे काम होतं, त्यानं फरक पडू शकतो. लॅकर पुन्हा कधीही चढवता येतं, बफिंगमध्ये, म्हणजे फिरत्या चाकावर झिलई देताना, घासून गेलेलं पितळ मात्र परत येत नाही. म्हणून काम करून घेण्याआधी काय तपासावं, दुकानदाराला काय विचारावं आणि घरी करायचं तर कुठे थांबावं, ते इथे लिहिते आहे. मी ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि हॉर्न दुरुस्त करते आणि स्वतः ट्रॉम्बोन वाजवते, त्यामुळे दोन्ही बाजूंची काळजी मला आहे.

थर केवढा असतो

जुन्या वाद्यांवर नायट्रोसेल्युलोजचं लॅकर असायचं, नंतर अ‍ॅक्रिलिक आणि भट्टीत भाजलेलं इपॉक्सी आलं. जाडी साधारण १० ते २५ मायक्रॉन, इपॉक्सी त्याहून जाड असू शकतं. ट्रम्पेटच्या बेलचा, म्हणजे पुढच्या पसरट तोंडाच्या भागाचा, पत्रा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे ५०० मायक्रॉन. २० मायक्रॉन लॅकर धरलं तर ते पत्र्याच्या चार टक्के होतं, आणि हा आकडा ऐकून लोक घाबरतात. पण लॅकरची घनता १.२ च्या आसपास आणि पितळेची ८.५. वजनाच्या हिशेबानं तो थर पत्र्याच्या जेमतेम अर्धा टक्का भरतो. ताठरपणात तर तुलनाच नाही: पितळ शंभर गिगापास्कलच्या घरात, लॅकर दोन-तीन.

अख्ख्या ट्रम्पेटचा हिशेबही करून बघा. बाहेरचा पृष्ठभाग आणि बेलच्या तोंडाची आतली बाजू मिळून हजार ते बाराशे चौरस सेंटिमीटर धरा. त्यावर २० मायक्रॉनचा थर म्हणजे अडीच-तीन ग्रॅम. ट्रम्पेट स्वतः किलोभराचा. दुसरा माउथपीस लावलात तरी वजनात याच्या कितीतरी पट फरक पडतो.

चांदीचा मुलामा याहूनही पातळ असतो आणि तो धातूच असल्यामुळे पत्र्याला घट्ट धरून राहतो. रेनॉल्ड शिल्की शिकागो सिम्फनीत ट्रम्पेट वाजवायचे आणि पुढे ट्रम्पेट बनवू लागले. त्यांचा कल चांदीकडे होता आणि लॅकरला त्यांचा विरोध होता, एवढ्या मोठ्या कारागिराचं मत म्हणून ते आजही सांगितलं जातं. मी त्यांच्या वाद्यांचा मनापासून आदर करते. लॅकरबद्दलचं त्यांचं मत मात्र मला जसंच्या तसं मान्य नाही, आणि त्याला कारणं आहेत.

आवाज कुठून येतो

ओठ हवेचे झटके आत सोडतात, नळीतला हवेचा स्तंभ कंप पावतो, बेलच्या तोंडाशी आवाजाचा काही भाग बाहेर पडतो आणि बाकीचा परत फिरतो. त्या परत आलेल्या लहरीवर ओठांचा कंप बसला की स्वर लागतो. या सगळ्यात निर्णायक असतो तो नळीच्या आतल्या पोकळीचा आकार. लॅकर बाहेरून असतं. बेलच्या तोंडाची थोडी आतली बाजू सोडली, तर हवेला ते भेटतच नाही.

मग पत्र्याच्या थरथरण्याचं काय? ते खरं आहे, वाजवताना बेल हाताला जाणवते. १९८६ साली रिचर्ड स्मिथ यांनी एकाच आकाराच्या पण वेगवेगळ्या जाडीच्या ट्रॉम्बोनच्या बेल वाजवणाऱ्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून वाजवायला दिल्या. हातावरच्या वजनावरून ओळखता येऊ नये म्हणून वजन सारखं केलं होतं. वाजवणाऱ्यांना फरक ओळखता आला नाही. लक्षात घ्या, तिथे फरक लॅकरचा नव्हता, खुद्द पत्र्याच्या जाडीचा होता. त्याआधी १९७१ मध्ये जॉन कोल्टमन यांनी चांदी, तांबं आणि लाकूड अशा तीन प्रकारच्या बासऱ्या तपासल्या होत्या. ऐकणाऱ्यांना साहित्य ओळखता आलं नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. थॉमस मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ट्रम्पेटची बेल वाळूच्या पिशव्यांनी दाबून धरली, तेव्हा मोकळ्या बेलच्या तुलनेत आवाजात मोजता येण्यासारखा फरक सापडला. म्हणजे बेलच्या कंपाचा काहीच संबंध नाही असं कुणी म्हणत असेल तर तेही चूक. पण वाळूच्या पिशव्यांनी बेल गच्च धरणं आणि तिच्यावर तीन ग्रॅमचा पारदर्शक थर देणं, यांत फार मोठं अंतर आहे.

लोक टिचकीचा दाखला देतात. उघड्या पितळेच्या बेलला नखानं टिचकी मारली तर ती जास्त वेळ घुमते, लॅकर असलेली लवकर शांत होते. हे तुम्हालाही ऐकू येईल. लॅकरमुळे पत्र्याच्या कंपाला आवर बसतो, ते खरंच. पण टिचकी मारता तेव्हा तुम्ही पत्रा वाजवत असता. फुंकता तेव्हा हवा वाजते. टिचकीचा नाद ऐकून फुंकलेल्या स्वराचं भाकीत करणं म्हणजे तबल्याच्या लाकडी खोडावर टकटक करून त्याचा स्वर ओळखण्यासारखं आहे.

वाजवणाऱ्याला फरक जाणवतो, हे मी नाकारत नाही. हातातून, दातांतून, जबड्याच्या हाडातून जो कंप येतो तो प्रेक्षकांपर्यंत पोचत नाही, पण वाजवणाऱ्याच्या मनावर त्याचा परिणाम होतो, आणि मन मोकळं झालं की माणूस वेगळं वाजवतो. ही गोष्ट किमती आहे. फक्त तिच्यापायी वाद्याचं पितळ घासून घेऊ नका.

टेपची परीक्षा

लॅकर काढल्यावर पूर्वीचा आवाज आठवून तुलना करणं निरुपयोगी आहे, कारण कानाची आठवण काही मिनिटांपलीकडे भरवशाची नसते. म्हणून माझ्याकडे जो येतो त्याला मी आधी ही परीक्षा घरी करायला सांगते. खर्च जवळजवळ काहीच नाही.

रंगकामात वापरतात तो कमी चिकट मास्किंग टेप घ्या. बेलच्या बाहेरच्या बाजूला, रुंद भागावर, पट्ट्या शेजारी शेजारी लावत जा, निम्मी-अधिक बेल झाकली पाहिजे. मास्किंग टेप लॅकरपेक्षा कितीतरी जाड आणि जड असतो, शिवाय त्याचा चिकट थर कंप शोषून घेतो. म्हणजे लॅकरचा जो काही परिणाम असेल तो इथे अनेक पटींनी वाढवून तुमच्यासमोर ठेवला आहे. मूळ लॅकर सुटत असेल तर टेप तिथे लावू नका, तो पापुद्रे घेऊन निघेल.

आता डोळे बांधा. दुसऱ्या कुणाला तरी टेप लावायला किंवा काढायला सांगा, नाणं उडवून, तुम्हाला न कळता. टेप लावला काय किंवा नाही काय, त्या व्यक्तीनं दरवेळी बेलला हात लावून तेवढाच वेळ घ्यायचा, नाहीतर टेपच्या आवाजावरूनच तुम्हाला कळेल. माउथपीस तोच आणि खोली तीच ठेवा, वाद्य आधी दहा मिनिटं वाजवून गरम करा. हवा एक अंशानं तापली की स्वर सुमारे ३ सेंटनं (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढतो, थंड वाद्याची गरम वाद्याशी तुलना केलीत तर तुम्ही लॅकर ऐकत नसून तापमान ऐकत असता. एक लांब स्वर खालच्या सप्तकात, एक वरच्या, आणि तुमच्या हातातला एखादा छोटा तुकडा मोठ्या आवाजात. दहा वेळा सांगा, टेप आहे की नाही. निव्वळ अंदाजानं दहापैकी आठ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या आसपास असते, म्हणून आठच्या खाली उत्तर आलं तर ते नशिबाचं समजा. त्याच वेळी दोन मीटरवर ठेवलेल्या माइकवर रेकॉर्ड करा. रेकॉर्डिंगची पातळी स्वयंचलित नको, एकदा लावून ठेवा. मग त्या फिती उलटसुलट क्रमानं दुसऱ्या वाजवणाऱ्याला ऐकवा.

टेपच ओळखता येत नसेल तर लॅकर ओळखता येणार नाही. ओळखता आला तरी लॅकरचा परिणाम त्याच्या लहान अंशाएवढाच असेल.

आवाज खरोखर कशामुळे बदलतो

इथे मी जरा सावकाश जाणार आहे, कारण पैसे आणि वाद्य दोन्ही इथेच वाया जातात.

पहिली गोष्ट बफिंग. लॅकर रसायनानं उतरलं की पितळ डागाळलेलं दिसतं, आणि आरशासारखी झिलई यावी म्हणून ते फिरत्या चाकावर मसाला लावून घासतात. चाक सपाट जागी हळू खातं आणि कडांवर भराभर. बेलच्या तोंडाची वळवलेली किनार, सांध्यांवरच्या कड्यांचे कोपरे, ब्रेसची (नळ्यांना जोडणाऱ्या आडव्या दांड्यांची) टोकं या जागा आधी जातात. वाद्य आधी कधी बफ केलेलं आहे का हे ओळखायचं असेल तर कोरीवकाम बघा. मूळ कोरीवकामात रेषेच्या दोन्ही कडा धारदार असतात, नखाला लागतात. घासलेल्या वाद्यावर त्या गोल होतात, बारीक रेषा पुसट होतात, अनुक्रमांकाचे आकडे उथळ दिसतात. कड्यांचे कोपरे साबणाच्या वापरलेल्या वडीसारखे बोथट वाटले की मी मालकाला सांगते, याला आता चाक नको.

दुसरी जागा वळणांची. नळी वाकवताना बाहेरच्या बाजूचा पत्रा ताणला जाऊन मुळातच पातळ होतो. चाकाला तीच बाजू सर्वात आधी लागते, कारण ती बाहेर आलेली असते. अशा घासलेल्या वळणावर मी अंगठ्यानं दाबून पाहते, पत्रा लवचिक लागतो, हलकासा दबून वर येतो. तिथे पुढे पोचा पडला तर तो काढताना पत्रा फाटायची भीती असते. पत्र्याची जाडी अशी जागोजागी बदलली तर तोल आणि टिकाऊपणा दोन्ही बिघडतात. स्वरावर किती परिणाम होईल हे वाद्यावाद्यावर अवलंबून आहे, पण लॅकरच्या थरापेक्षा तो मोठा असायला जागा आहे.

तिसरी जागा बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही: माउथपीस बसतो तो रिसीव्हर. माउथपीसच्या शँकला (आत जाणाऱ्या दांडीला) आणि रिसीव्हरला निमुळतेपणा असतो, सुमारे वीसास एक. म्हणजे लांबी २० मिलिमीटर पुढे गेली की व्यास १ मिलिमीटरनं बदलतो. आता लॅकर मारताना रिसीव्हरच्या आत २० मायक्रॉनचा थर गेला असं समजा. दोन्ही बाजू धरून व्यास ४० मायक्रॉननं कमी झाला. ४० गुणिले २०, म्हणजे माउथपीस ०.८ मिलिमीटर बाहेरच अडकणार. त्याच्या टोकापासून लीडपाइपच्या (माउथपीसपुढच्या पहिल्या नळीच्या) सुरुवातीपर्यंतचं अंतर तेवढं वाढलं, आणि हे अंतर ट्रम्पेटवाल्यांना जाणवतं, स्वर कसा लागतो, वरचे स्वर किती ठाम बसतात यात. उलट, आतून पॉलिश करून रिसीव्हर सैल केला तर माउथपीस आत जास्त जातो. लॅकर नवं केल्यावर वाद्य बिघडलं असं कुणी म्हणालं की मी पहिल्यांदा रिसीव्हरच्या आत दिवा मारून बघते. तोच वीस मायक्रॉनचा थर बेलवर निरुपद्रवी असतो आणि इथे खोड्या करतो.

चौथं, उष्णता. भट्टीत भाजायच्या लॅकरचं तापमान सामान्यतः पितळ मऊ करण्याइतकं नसतं, त्यासाठी चारशे अंश सेल्सियसच्या वर जावं लागतं. पण सांध्यांचा डाख १८३ अंशांपासून वितळायला लागतो. चाकावर एकाच जागी दाबून धरलं तर पत्रा हाताला सोसवत नाही इतका तापतो, आणि जुना, आधीच कमजोर डाख असेल तर सांध्याला अशा हाताळणीत तडा जाऊ शकतो. सुटलेला ब्रेस एखाद्या ठरावीक स्वरालाच झणझणतो, आणि लोक त्याला नव्या लॅकरचा आवाज समजतात.

आणि पाचवं, जे आवाज सुधारतं तेही लॅकर नसतं. लॅकरच्या कामाआधी वाद्य पूर्ण सोडतात, आतून धुतात, पोचे काढतात, सांधे पुन्हा डाखतात, पाण्याच्या चावीचा (नळीत साचलेलं पाणी सोडायच्या झडपेचा) कॉर्क बदलतात, व्हॉल्व्हचे फेल्ट नवे घालून छिद्रं नळ्यांच्या रेषेत आणतात. एकजण जुना ट्रॉम्बोन घेऊन आला होता, लॅकर काढून टाकायचं ठरवूनच. वरचा फा त्याला धरवत नव्हता, आवाज कोंदटला होता. मी स्लाइडच्या एका टोकाला बूच घातलं, दुसऱ्या टोकातून फुंकलं आणि पाण्याच्या चावीजवळ ओला हात धरला. हवा बारीक पण सतत लागत होती. कॉर्क दबून एका बाजूनं खाल्लेला होता. कॉर्क बदलला, लीडपाइपमधून ब्रश फिरवला, आतून करडा-हिरवा गाळ निघाला. त्यानंतर त्यानं वरचा फा वाजवला आणि वाद्य लॅकरसकट घरी नेलं. लीडपाइप हा नळीचा सर्वात अरुंद भागांपैकी एक असतो, तिथल्या थोड्याशा गाळानंही पोकळीचा आकार बदलतो, आणि आवाज तर त्या पोकळीचाच आहे.

मग लॅकर कधी करायचं

पितळ जपण्यासाठी. काहींच्या घामानं पितळ लवकर कळकतं, डाव्या हाताच्या पकडीखाली व्हॉल्व्हच्या नळ्यांवर खड्डे पडतात. अशांना लॅकर किंवा चांदी लागतेच, निदान हातपट्टी तरी. काळपट डाग आणि सुटलेले पापुद्रे दिसायला वाईट असतात, पण पितळ वरवर काळवंडलं म्हणून कमकुवत होत नाही, तो थर उलट पुढची झीज मंद करतो.

खरी काळजी गुलाबी ठिपक्यांची करा. लीडपाइपवर लॅकरखाली टाचणीच्या डोक्याएवढे गुलाबी-लालसर ठिपके आणि मधोमध काळा बिंदू दिसला तर आतून जस्त निघून जातं आहे आणि उरलंय ते ठिसूळ, सच्छिद्र तांबं. यावर बाहेरून कितीही लॅकर मारलं तरी उपयोग नाही. घासलं तर भोक पडेल. तिथे पाइप बदलावा लागतो.

जुनं, नावाजलेलं वाद्य असेल आणि मूळ लॅकर पाऊण भाग शिल्लक असेल तर हात लावू नका. सॅक्सोफोनवाल्यांना हे चांगलं ठाऊक आहे: १९५४ पासून निघालेला सेल्मर मार्क सिक्स मूळ लॅकरमध्ये असेल तर त्याला जास्त किंमत येते, पुन्हा लॅकर केलेल्याला कमी. त्यामागे बफिंगची भीती आहे, आणि ती रास्त आहे.

दुकानात देताना

वजनकाटा सोबत असू द्या. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा काटा पुरतो. वाद्य धुऊन, पूर्ण वाळवून, तेल-ग्रीस पुसून, व्हॉल्व्ह आणि माउथपीस बाजूला ठेवून वजन करा. दुकानदाराला सांगा, लॅकर उतरल्यावर एकदा, झिलई झाल्यावर एकदा आणि नवं लॅकर वाळल्यावर एकदा असंच वजन लिहून ठेवा. लॅकर उतरल्यावर तीन-चार ग्रॅम कमी झाले तर ते लॅकरच. त्यानंतर झिलईत आणखी आठ-नऊ ग्रॅम गेले तर अख्ख्या पृष्ठभागावरून सरासरी १० मायक्रॉन पितळ गेलं, आणि चाक जिथे जास्त टेकलं तिथून त्याच्या कैक पट. चांगला कारागीर या वजनाला कधी नाही म्हणत नाही.

बाकी विचारायचं ते एवढंच: रसायनानं उतरवणार की घासून? बेलची किनार आणि कोरीवकाम हातानं कराल का? रिसीव्हर, स्लाइडच्या आतल्या नळ्या आणि व्हॉल्व्हच्या नळ्यांची तोंडं बुचानं बंद कराल का? बारीक ओरखडे राहिले तरी चालतील, हे तुम्हीच आधी सांगून टाका. बहुतेक दुकानं जास्त घासतात ते गिऱ्हाईक आरशाची अपेक्षा करतं म्हणून.

घरी उतरवायचं असेल तर

सगळे व्हॉल्व्ह, स्लाइड, फेल्ट, कॉर्क, स्प्रिंगा काढा. व्हॉल्व्हवरचे आकडे बघून ते क्रमानं ठेवा, एकमेकांत बदलले तर अडकतात. मग ब्रेसच्या मागे, सहज न दिसणाऱ्या जागी कापसाच्या बोळ्यानं अ‍ॅसिटोन लावा. मिनिटाभरात चिकट झालं तर नायट्रोसेल्युलोज किंवा अ‍ॅक्रिलिक आहे, घरी निघेल. काहीच झालं नाही तर बहुधा इपॉक्सी, ते दुकानातच द्या.

जुनं लॅकर बऱ्याचदा कढत पाण्यातच सुटतं. उकळत्या पाण्यानं डाखाला धोका नाही, वर सांगितलं तसा तो १८३ अंशांवर वितळतो. वाद्य पाण्यात थोडा वेळ ठेवा, मऊ कापडानं पुसत जा, पापुद्रे आपोआप निघतील. उरलेल्याला अ‍ॅसिटोन, खिडक्या उघड्या ठेवून, हातमोजे घालून, आसपास ज्योत नसताना. मेथिलिन क्लोराइड असलेला रंग काढायचा लगदा घरात वापरू नका. त्याच्या वाफा शरीरात गेल्या की रक्तात कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि बंद खोलीत अशी माणसं दगावलेली आहेत.

झिलई हातानंच करा, सुती कापड आणि मऊ पॉलिश. सँडपेपर, वायर ब्रश, ड्रिलला लावायचं चाक, यातलं काहीही नाही. पॉलिशमध्ये अमोनिया असेल तर शेवटी साबण आणि पाण्यानं सांध्यांच्या फटींमधून ते संपूर्ण धुऊन काढा. ताणलेल्या पितळेला अमोनिया तडे पाडतो. ब्रिटिशकाळात भारतातल्या लष्करी तबेल्यांजवळ ठेवलेली पितळी काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकायची, आणि कारण निघालं घोड्यांच्या मुतातला अमोनिया. १९२१ मध्ये त्याचा नीट उलगडा झाला. वाद्याच्या नळ्याही ओढून, वाकवून केलेल्या असतात, त्यांच्यात तसाच ताण दडलेला असतो.

पितळ उघडंच ठेवणार असाल तर पातळ मेणाचा हात फिरवा आणि दर वाजवण्यानंतर कोरड्या कापडानं पुसा. हाताला वास येईल, रंग आधी मधासारखा, मग तपकिरी होईल. हिरवं दिसलं तर तेवढी जागा त्याच दिवशी साफ करा.

लॅकर स्वतः फवारायचं असेल तर गाड्यांचं दोन भागांचं क्लिअरकोट घेऊ नका. त्यातले आयसोसायनेट फुप्फुसांना कायमचं नुकसान करू शकतात आणि साध्या मास्कनं ते अडत नाहीत. हवेत वाळणारं पितळेचं लॅकर घ्या. झिलई झाल्यापासून उघड्या हातानं वाद्याला शिवू नका, बोटाचा ठसा लॅकरखाली उमटतो आणि काही महिन्यांनी तपकिरी होऊन वर दिसतो. रिसीव्हरमध्ये गुंडाळलेल्या कागदाचं बूच, सगळ्या नळ्यांच्या तोंडाला टेप. हवेत दमटपणा असेल त्या दिवशी फवारू नका, नायट्रोसेल्युलोज दुधाळ होतं. दोन पातळ हात द्या, एक जाड नको. हाताला कोरडं लागलं तरी आतून ते पुढे कित्येक दिवस मऊ असतं, म्हणून वाद्य पेटीत बंद करू नका, मखमलीची वीण लॅकरवर उठते. स्टँडवर किंवा बेलमधून घातलेल्या कापड गुंडाळलेल्या दांड्यावर, धूळ बसणार नाही अशा खोलीत राहू द्या. माउथपीस पहिल्यांदा घालाल तेव्हा तो पूर्वी जिथपर्यंत बसत होता तिथपर्यंतच बसतो ना, हे पाहण्यासाठी काम सुरू करण्याआधी शँकवर पेन्सिलीची एक बारीक खूण करून ठेवा.